पुढे पळालेला रिमोट

एक कोडं घालते. एका रिमोटला एकच बटण आहे. ते तुम्ही दाबलंत, सोडलंत आणि पुन्हा दाबलंत. दोन्ही वेळा रिमोट एकच गोष्ट बोलेल, की वेगवेगळ्या?

"एकच!" म्हणाला असाल तर लाजू नका. त्या शनिवारी सकाळपर्यंत मीसुद्धा छातीठोकपणे तेच सांगितलं असतं.

त्या शनिवारी आम्हाला उंबरदऱ्याला जायचं होतं. उंबरदरा म्हणजे आमच्या वाईपासून तासाभराच्या चढावर असलेली धनगरांची वस्ती. तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत आमची फिरती प्रयोगशाळा जाणार होती. ही एक पिवळीधमक गाडी आहे. विजेवर चालते, घाटातली वळणं स्वतःची स्वतः घेते, पोटात दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक बाळगते आणि छपरावर ही मोठी अँटेना! माझ्या आबांनी, म्हणजे आजोबांनी, निवृत्त झाल्यावर ती उभी केली. आबांचा जन्म रेडिओ दुर्बिणीवर गेला. आकाशातली कुजबुज ऐकणं हा त्यांचा धंदा. घरातली हाक मात्र त्यांना तिसऱ्यांदा ऐकू येते.

सव्वाबाराला कॉलेजच्या मुलांनी बनवलेला एक चिमुकला उपग्रह बरोबर उंबरदऱ्याच्या डोक्यावरून जाणार होता. तो जाताना त्याचा आवाज अँटेनेवर पकडायचा आणि पोरांना ऐकवायचा, असा बेत होता. हा बेत आधी दोनदा फसलेला. एकदा घाटात दरड आली आणि एकदा गाडीचंच पोट बिघडलं. आणि या वेळी पोरांना सगळं समजावून सांगणार होते मी! आबा नाही, मी, शाल्मली! गेल्या वर्षी मी आबांच्या पाठीमागे उभी राहून फक्त वायरी धरायचे. या वर्षी आबा वायरी धरणार होते.

पण गाडी होती गॅरेजात, आणि गॅरेजचं शटर उघडेना.

आबांनी रिमोट दाबला. काही नाही. हात लांब करून दाबला. काही नाही. मग डोक्यावर धरून दाबला.

"आबा, तो डोक्यावर का धरला?"

"तसाच," आबा म्हणाले. "माणूस हताश झाला की उंच धरतो."

तेवढ्यात माझ्या मनगटावरचा फोन वाजला. उंबरदऱ्याची सोनकी होती. सहावीत आहे, पण आवाज ऐकला तर सरपंच वाटेल.

"ताई, निगाला का न्हाई? आमी समदी शाळंत येऊन बसलोय. धाकटी पोरं बी आलीत. तिसऱ्यांदा न्हाई म्हणू नगा हां!"

"निघालोच!" मी बंद शटरकडे बघत म्हणाले.

"हाताने उघडायची चावी असेल ना?" मी आबांना विचारलं.

"आहे की."

"कुठे?"

आबा चष्मा पुसायला लागले. "आत. खिळ्याला टांगलीय. सुरक्षित राहावी म्हणून."

"आबा! शास्त्रज्ञ ना तुम्ही?"

"दुसरा रिमोट होता खणात," आबांनी विषय बदलला. "पण आत्ताच बघितलं, खणात नाहीये. वेल्डरला फोन लावलाय, तो अकराला येतो म्हणाला. शटर कापू."

अकराला येणार, कापायला तास लागणार, म्हणजे उपग्रह आमच्या डोक्यावरून भुर्रकन निघून जाणार आणि आम्ही वाईतच. "अकरापर्यंत मला प्रयत्न करू द्या," मी म्हणाले. "कापाकापी नंतर."

"मी पण मदत करतो, शाल्मलीताई," मागून आवाज आला. हा खडू. आमचा यंत्रमानव. पांढरा, किडकिडीत, थेट फळ्यावरच्या खडूसारखा. त्याच्या डोक्यावर अँटेनेची शेंडी आहे आणि तिला रेडिओ लहरी समजतात. बाकी विनोद मात्र अजिबात समजत नाहीत.

मी विचार केला, गडबडून चालायचं नाही. रिमोटपासून शटरपर्यंत जी साखळी आहे, तिची एकेक कडी ओढून बघायची. तुटकी कडी हाताला लागेलच.

पहिली कडी बॅटरी. मी रिमोट उघडला. बॅटरी अगदी मरायला टेकलेली.

"अशी कशी?" आबा चक्रावले. "दोन्ही रिमोटांत मागच्याच महिन्यात नव्या घातल्या. वर्ष-दोन वर्षं सहज जातात."

आम्ही वजनकाट्यातली बॅटरी काढून रिमोटला घातली. बटण दाबताच रिमोटवरचा इवलासा लाल दिवा झगझगीत पेटला. मी टाळी वाजवायला हात उचलले, पण शटर जागचं हललं नाही. टाळी तशीच राहिली.

दुसरी कडी, रिमोटमधून काही बाहेर पडतंय का? टीव्हीचा रिमोट तपासायची युक्ती मला येत होती. रिमोटचं तोंड फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण कॅमेऱ्यात जांभळट ठिपका चमकतो. मी तसं केलं. ठिपका नाही!

"मेला! रिमोटच मेलाय!" मी जाहीर केलं.

"थांब गं, इतक्यात तिरडी बांधू नकोस," आबा म्हणाले. "टीव्हीचा रिमोट अवरक्त किरणांनी बोलतो (तांबड्या रंगाच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे किरण). तो उजेडाचाच भाऊ, म्हणून कॅमेऱ्याला दिसतो. भिंत आडवी आली की अडतो. पण आपल्याला तर शटरच्या पलीकडे बोलायचंय. म्हणून हा रिमोट रेडिओ लहरींनी बोलतो. त्या कॅमेऱ्याला दिसायच्या नाहीत."

"मग कुणाला दिसतील?"

खडूने नम्रपणे शेंडी हलवली.

मी बटण दाबलं. "लहर आली," खडू म्हणाला. "जोरकस आहे. निरोप स्पष्ट आहे."

म्हणजे रिमोट बोलत होता! मग तिसरी कडी, ऐकणारा जागा आहे का? शटरच्या आत छताला ग्राहक बसवलेला असतो (लहर ऐकून घेणारं आणि मोटर चालू करणारं यंत्र). त्याला वीज मिळत असली की बाहेर, चौकटीवर, हिरवा दिवा लागतो. मी मान वर केली. दिवा मस्त हिरवागार.

रिमोट बोलतोय, ग्राहक जागा आहे, मध्ये काही अडथळा नाही. तरी दार ढिम्म!

"खडू, परत ऐक. नक्की काय म्हणतोय तो?" मी पुन्हा बटण दाबलं.

"या वेळी त्याने दुसराच निरोप दिला," खडू म्हणाला.

"दुसरा?"

मी तिसऱ्यांदा दाबलं.

"तिसराच. तिन्ही निरोपांचं एकमेकांशी काही नातं दिसत नाही."

"आबा, याला वेड लागलंय!" मी ओरडले. "एकच बटण दाबतेय मी, आणि हा दर वेळी काहीतरी भलतंच बडबडतोय! दार कसं ओळखणार याला?"

आबा इतक्या आनंदाने हसले की मला रागच आला. "शालू, तो दर वेळी एकच बोलला असता तर मला काळजी वाटली असती. सांग बरं, का?"

असं विचारलं की आबा उत्तर देत नाहीत. ते तुमच्याकडे बघत राहतात. मी खडूकडे बघितलं. खडू जे ऐकेल ते जसंच्या तसं म्हणू शकतो... आणि एकदम डोक्यात दिवा लागला!

"चोर! खडूसारखाच एखादा चोर रस्त्यात शेंडी लावून उभा राहिला असता! आपण दार उघडताना निरोप ऐकून ठेवला असता आणि रात्री तोच परत म्हणून दार उघडलं असतं!"

"मी चोर नाही," खडू म्हणाला.

"उदाहरणार्थ म्हणाले रे."

"उदाहरणार्थसुद्धा नाही."

"म्हणून निरोप दर वेळी बदलतो," आबा म्हणाले. "याला बदलता संकेत म्हणतात (एकदाच चालणारा परवलीचा शब्द). आता पुढचं कोडं. शब्द दर वेळी नवा, तर ग्राहकाला कसं कळतं की तो खरा आहे?"

हे जरा अवघड होतं. आबांनी घरात भिंतीवर टांगलेल्या, रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरकडे खिडकीतून बोट दाखवलं आणि म्हणाले, "समज, तुझ्याकडे आणि तुझ्या मैत्रिणीकडे अशी दोन अगदी एकसारखी कॅलेंडरं आहेत. प्रत्येक पानावर एक गुप्त शब्द. भेटलात की तू वरच्या पानावरचा शब्द सांगायचा. तिने स्वतःच्या पानाशी ताडून बघायचा. जुळला की दोघींनी ते पान फाडून टाकायचं."

"म्हणजे चोराने शब्द ऐकला तरी उपयोग नाही. ते पान गेलेलं असतं!"

"बरोबर. रिमोटमध्ये आणि ग्राहकात खरी पानं नसतात. दोघांत एक मोजणारा आकडा असतो, प्रत्येक रिमोटसाठी वेगळा, आणि त्या आकड्यापासून शब्द बनवायची एकच गुप्त कृती असते. बटण दाबलं की आकडा एकाने पुढे जातो आणि नवा शब्द तयार होतो. खडूला कृती माहीत नाही, म्हणून त्याला ती बडबड वाटते."

"पण आबा," मला लगेच शंका आली, "समजा मी घरात बसून पाच-सहा पानांच्या होड्या केल्या, तर? मी पुढे जाईन आणि मैत्रीण मागेच राहील."

"वा! हेच विचारायला हवं होतं. मग मैत्रीण काय करेल? वरचं पान जुळलं नाही तर आणखी काही पानं उलटून बघेल. पुढच्या एखाद्या पानावर तुझा शब्द सापडला की तिथपर्यंतची सगळी पानं फाडेल. पुन्हा दोघी बरोबर! खिशात चुकून बटण दाबलं जातंच, म्हणून ही सोय. आपला ग्राहक शंभर पानं पुढे बघतो. मागे मात्र कधीच बघत नाही."

"आणि मी शंभरापेक्षा जास्त होड्या केल्या तर?"

"तर ती म्हणेल, कोण गं तू? मी ओळखत नाही तुला. आणि ते बरोबरच आहे. कितीही पुढचा शब्द चालवून घेतला, तर चोराचा तुक्का लागायची भीती."

मी हातातल्या रिमोटकडे बघितलं. म्हणजे हा बिघडलेला नव्हताच! हा दारापासून लांब कुठेतरी, शेकडो वेळा दाबला गेला होता. दाराला न सांगताच हा पुढे पळाला होता. म्हणूनच बॅटरी संपली!

"पण काल संध्याकाळी तर दार उघडलं होतं," मी म्हणाले. "एका रात्रीत एवढं कोण दाबेल? ...आबा, हा कालचा रिमोट नाहीच. हा खणातला आहे. कुणीतरी अदलाबदल केलीय!"

मी रिमोट नीट निरखला. बटणावरचा बाण पार झिजून गेला होता. कडेच्या फटीत केशरी काहीतरी बसलं होतं. मी नाकाजवळ नेला. अष्टगंध!

आबांनी आणि मी एकमेकांकडे बघितलं.

"माई!"

माई म्हणजे माझी आजी. तिचा अंगठा सांध्यात सुजतो, त्यामुळे तिला जपमाळेचे मणी ओढता येत नाहीत. बोटात घालून जप मोजायचं यंत्र होतं, ते महिन्यापूर्वी कृष्णेत पडलं. तेव्हा ती म्हणाली होती, "मोजायचं काय मेलं! देवाला का हिशेब द्यायचाय? काहीतरी मऊसं दाबायला असलं की मन लागतं, एवढंच." त्यानंतर तिने खणातला रिमोट उचलला होता आणि आमच्यापैकी कुणालाच पत्ता नव्हता! घरी आबांची बडबड आडवी येते म्हणून ती रोज नदीच्या घाटावरच्या देवळात जाऊन जप करते. तिथून आमचं दार इतकं लांब आहे की लहर पोचणं शक्यच नाही. काल रात्री तिने आपला रिमोट चुकून घराच्या दाराजवळ, रोजच्या रिमोटच्या खिळ्याला लावला असणार आणि आज सकाळी तिथला चांगला घेऊन गेली असणार.

आणि आत्ता, या क्षणी, ती चांगला रिमोट दाबत बसली असणार!

"शंभर पानं!" मी किंचाळले आणि सायकलवर उडी मारली. सोनकीला वाटेत फोनवर सांगितलं, "पाच मिनिटांत कळवते!" मागून खडू ओरडत होता, "शाल्मलीताई, हेल्मेट!"

माई देवळाच्या पायऱ्यांवर बसली होती. डोळे मिटलेले, उजवा हात गोमुखीत (जप करताना हात झाकायची कापडी पिशवी). पिशवीतून हलकासा आवाज येत होता. टिक. टिक.

"माई, थांब! बटण दाबू नकोस!"

देवळातल्या दोघी-तिघी दचकल्या. माई नाही. जप संपेपर्यंत माईचं मौन असतं. घराला आग लागली तरी ती खुणेनेच सांगेल. तिने डावा हात उचलून मला गप्प राहायची खूण केली. टिक.

"माई, गाडी अडकलीय, तो रिमोट..."

"हुं हुं!" टिक.

एकेका टिकेसरशी उंबरदऱ्याची पोरं माझ्यापासून लांब जात होती. ओढून घ्यावा का? पण जप मध्येच तोडला की माईला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होतं, आणि ते मला नको होतं. तेवढ्यात पाठीवरच्या दप्तराच्या कप्प्यातलं माझं बटणाचं पेन आठवलं. मी ते काढलं, हळूच गोमुखीत सरकवलं आणि माईच्या अंगठ्याखाली धरलं. माईने एक डोळा उघडला. पेन एकदा दाबून बघितलं. टिक. पुन्हा दाबलं. टिक. जरा विचार केला, समाधानाने मान हलवली, रिमोट माझ्या हातात सोडला आणि डोळा मिटून घेतला.

माझी माई म्हणजे सोनं आहे सोनं!

परत येताना मी रिमोट मुठीत न धरता दप्तराच्या वरच्या कप्प्यात एकटाच ठेवला. चुकून एकही पान फाटायला नको होतं. माई आज किती वेळ बसली होती, कोण जाणे. जाताना ती फुलं वेचते, मैत्रिणींशी गप्पा मारते, मग प्रदक्षिणा घालते. नुकतीच बसली असली तर ठीक. नाहीतर वेल्डर आहेच.

आबा आणि खडू शटरसमोर उभे होते. मी रिमोट पुढे केला. "तुम्ही दाबा, आबा."

"छे! शोध तुझा, अंगठाही तुझाच."

मी दाबलं. हिरवा दिवा तसाच होता. एक क्षण काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात मी मनात उंबरदऱ्याच्या प्रत्येक पोराची माफी मागून घेतली. मग दिवा लुकलुकला. आत काहीतरी गुरगुरलं. घर्रर्र करत शटर वर निघालं आणि पिवळीधमक गाडी आमच्याकडे बघून हसली. खरंच हसली. निदान मला तरी तसंच दिसलं.

आबांनी सगळ्यात आधी आतल्या खिळ्याची चावी काढून खिशात टाकली.

उंबरदऱ्याला पोचलो तेव्हा पोरं शाळेच्या अंगणात गोल करून बसलेली होती. मी बोलले. न अडखळता बोलले, हातवारे करून बोलले. सव्वाबाराला अँटेना वळली, कर्ण्यातून आधी खरखर आली आणि मग अगदी बारीक, पाखराच्या पिल्लासारखा आवाज आला. टिव, टिव, टिव. धाकटी पोरं आकाशात बोटं दाखवायला लागली. दिसत काहीच नव्हतं, पण ऐकू येत होतं ना!

आवाज विरला तशी सोनकी उठली. "ताई, ह्यो आपल्याशी बोलतोय, तसं आपून बी त्याला हुकूम सोडतो ना? मग एखाद्यानं खोटाच हुकूम सोडला तर? वळ म्हनला, आन् ह्यो वळला तर?"

मी आबांकडे बघितलं. आबांनी वायरी धरल्या होत्या आणि ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते. मग मी कॅलेंडर, गुप्त शब्द, होड्या आणि गोमुखी हे सगळं सांगितलं. उपग्रहांना हुकूम पाठवतानाही पुष्कळदा अशीच काळजी घेतात. प्रत्येक हुकुमाला गुप्त शिक्का असतो आणि पुढे जाणारा आकडा असतो. कालचा हुकूम कुणी आज परत म्हटला, तर उपग्रह कानाआड करतो.

सोनकी म्हणाली, "मोठी झाल्यावर मी हुकूम सोडनार. आजून नवा उपग्रह कोन करत आसंल, तर माझं नाव सांगून ठेवा."

मी सांगून ठेवलंय.

संध्याकाळी आबांनी ग्राहकावरचं शिकवायचं बटण दाबून माईच्या रिमोटची पुन्हा ओळख करून दिली. त्या वेळी ग्राहकाच्या छोट्या पडद्यावर रिमोटचा आकडा उमटला. महिनाभराच्या जपाचा. अकरा हजारांच्या वर! मी धावत जाऊन माईला सांगितलं.

"एवढा?" माई देवापुढची वात सारखी करत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे मी दाबत होते, तिथे ऐकायला कुणी नव्हतं, तरी तो मोजत होता?"

"प्रत्येक वेळी, माई. एकही चुकवला नाही."

माई खुदकन हसली. मग तिने गोमुखीतून माझं पेन काढलं, एकदा टिक केलं आणि म्हणाली, "हे काही मी परत देत नाही हो. तुमचं दार उघडायला तुमचा रिमोट, आणि मला हे."